टपाची गवसणी

दौलतीची प्रतिष्ठा तिच्या आच्छादनांत वसते. देवाला पडदा असतो, पोथीला रुमाल, हत्तीला झूल, तलवारीला म्यान आणि सरदाराला अब्दागीर. उघड्यावर पडलेली वस्तू बाजाराची होते, झाकलेली वस्तू दरबाराची. हे तत्त्व मला एका सरदारांच्या पदरी गाडीखान्याचा कारकून असताना उमगले. त्या गाडीखान्यात गाडी एकच होती.

गोष्ट श्रीमंतांचे राज्य जाण्याच्या आधीच्या काही वर्षांतली आहे. राज्य जाणार हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, असे आता सगळे सांगतात. मला वाटते, पुष्कळांना ठाऊक होते. त्यांना फक्त सवड नव्हती. आमच्या वाड्यात तर मुळीच नव्हती. त्या वर्षी भाद्रपदापासून दसऱ्यापर्यंत आमचा सगळा वाडा एका कापडी खोळीच्या मागे लागलेला होता.

गाडी संगमावरून आली. तिथे राहणाऱ्या इंग्रजांपैकी एकजण विलायतेस परत निघाला होता, त्याने ती सरदारांना भेट म्हणून पाठवली. तिच्या चार चाकांपैकी एक उरलेल्या तिघांपेक्षा बरेच तरुण होते, आणि गादीत उंदरांनी संसार मांडून मोडलेला होता. आमच्याकडून उलट भेट म्हणून शालजोडी गेली. शालजोडीत उंदीर नव्हते.

गाडीच्या मागच्या बैठकीला टप होता. लोखंडी कांबींवर ताणलेले काळे कातडे. कांबी उभ्या केल्या की बसणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर होई. मागे पाडल्या की सगळे मिटून बैठकीच्या पाठीमागे गठ्ठा होऊन बसे. उन्हापावसात उभारावा, हवा खायची असेल तेव्हा पाडावा, इतका त्याचा साधा उपयोग. सरदारांना तो पहिल्याच दिवशी नापसंत पडला. टप उभारला की ते स्वतः दिसत नसत.

"गाडीत कोण बसलंय हे लोकांना कळायला नको का?" ते कारभाऱ्यांना म्हणाले.

"कळायलाच हवं, सरकार," कारभारी म्हणाले. आमचे कारभारी नवे वाक्य कधी बनवत नसत. सरदारांचेच वाक्य धुऊन परत देत.

तेव्हा टप पाडायचा असे ठरले. पण पाडलेला टप मागून पाहिला तर रवंथ करायला बसलेल्या म्हशीसारखा दिसे. दसऱ्याच्या स्वारीत सरदारांच्या पाठीशी म्हैस असणे बरे नव्हे. मग कोणीतरी माहिती आणली की इंग्रज लोक पाडलेल्या टपावर गवसणी चढवतात. तंबोऱ्याला असते तशी, अंगाबरोबर शिवलेली खोळ. तिने घड्यांत धूळ जात नाही आणि उन्हाने कातडे तडकत नाही. या गाडीचीही एक होती, पण ती गाडीबरोबर आली नव्हती. चौकशीला मला संगमावर पाठवले. साहेबाची कुत्री तिच्यावर व्यायली होती आणि तिला उठवायला साहेब तयार नव्हता.

आपली गवसणी त्याहून भारी हवी, असा हुकूम झाला. कोठीतून तांबडी सकलाद निघाली. सकलाद म्हणजे लोकरीचे जाड विलायती कापड. म्हणजे विलायती गाडीवर विलायती कापड घालून ती देशी करायची होती. त्यावर जरीचा काठ लागणार होता. तो मात्र पैठणचा.

इथे शास्त्रीबोवा आले. ते वाड्याचे आश्रित होते. मुहूर्त, प्रायश्चित्त आणि आय-व्यय सगळे तेच पाहत. त्यांनी गाडीभोवती दोन हात अंतर राखून एक फेरी मारली आणि विचारले, "कातडे कोणत्या जनावराचे?"

मला पुन्हा संगमावर पाठवले. साहेबाचा बुटलेर, म्हणजे खानसामा, हसला. म्हणाला, "बैल असेल, नाहीतर गाय. तिकडे दोन्ही खातात." मी परत येऊन कागदावर लिहिले की जनावर थोर होते, अधिक कळत नाही.

शास्त्रीबोवांनी तीन दिवस पोथ्या पाहिल्या आणि निर्णय दिला. टप डोक्यावर आला तर यजमान गोचर्माखाली बसले असे होते, ते वर्ज्य. टप पाठीमागे पडलेला असून त्यावर लोकरीचे आच्छादन असेल, तर लोकर शुद्ध असल्यामुळे दोष खाली दबून राहतो. सबब टप सदैव पाडलेला आणि सदैव झाकलेला असावा. असा हा उभारता येणारा टप कधीही न उभारण्यासाठी आमच्याकडे राहिला. त्या दिवशी गाडी खऱ्या अर्थाने आमची झाली.

गवसणी शिवायची कोणी? वाड्याच्या शिंप्याने सकलादीला हात लावला, कातड्याला लावणार नाही म्हणाला. म्हणून कसब्यातल्या जीनगराला बोलावणे गेले.

हा जीनगर साठीच्या पुढचा होता. घोड्यांची खोगिरे, पट्टे, म्याने ही त्याची कामे. वाड्याच्या पागेत त्याच्या बापाने केलेली खोगिरे अजून वापरात होती. वाड्याची रीत अशी होती की दसऱ्याला सीमोल्लंघन करून स्वारी परत आली की कारागिरांपैकी एकाला सरदारांच्या हातचे पागोटे मिळे, आणि ते तीन पिढ्या याच्या घरी जात होते. पागोट्याचे कापड बेताचेच असे. पण ते बांधून तो दुसऱ्या दिवशी पेठांतून फिरे, आणि ज्या पागेवाल्यांना वर्षाचे काम द्यायचे असे ते पागोटे पाहून देत. ते हुकले असते तर कसब्यात कोणी काही बोलले नसते. कसब्यात न बोलण्याचा अर्थ सर्वांना कळतो.

त्याला स्वतःला अभिमान वेगळ्याच गोष्टीचा होता. "माझ्या हातचं काम परत आलेलं नाही," तो म्हणे. एवढेच म्हणे आणि पुढे काम करू लागे.

तो आला, टपाला नमस्कार वगैरे न करता त्याने तो पाडला. कांब मिटताना दोन कांबींमधले कातडे बोटाने आत सारत गेला. "आत सारलं नाही तर कांब चावते," तो मला म्हणाला. मग एका दोरीला गाठी मारून त्याने माप घेतले आणि मी कागदावर उतरवले: रुंदी अठ्ठावन्न अंगुळे, खोली एकोणीस. अंगुळ म्हणजे बोटाची रुंदी. कोणाचे बोट, हा प्रश्न आमच्याकडे वेगळा असतो, पण त्या दिवशी बोट जीनगराचेच धरले.

"शास्त्रीबोवांना गाईचं कातडं चालत नाही म्हणे," तो दोरी गुंडाळत म्हणाला.

"डोक्यावर चालत नाही."

"येरवड्याच्या बाजूला त्यांचा मळा आहे ना? तिथल्या विहिरीवर मोट आहे. ती कशाची आहे हो, कारकून?"

मोट कातड्याची असते हे मला ठाऊक होते. मी हा प्रश्न पुढे एकदा संधी साधून शास्त्रीबोवांना विचारला. ते म्हणाले, "वाहत्या पाण्याला दोष नसतो." त्यांना उत्तर सुचायला श्वास घ्यावा लागला नाही.

मापाचा कागद कारभाऱ्यांकडे गेला, तिथून शास्त्रीबोवांकडे. घर बांधताना आय पाहतात; लांबीरुंदीच्या अंगुळांचा गुणाकार करून आठाने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून शुभाशुभ ठरवायचे. खोळीचा आय पाहिल्याचे मी तोवर ऐकले नव्हते. शास्त्रीबोवांनी पाहिला. बाकी सहा उरली. सहा म्हणजे खर.

"खर म्हणजे?" सरदारांनी विचारले. त्यांना ठाऊक होते, पण कोणीतरी बोलावे अशी इच्छा होती.

"गर्दभ," शास्त्रीबोवा म्हणाले.

सरदारांच्या पाठीशी म्हैस नको म्हणून गवसणी निघाली होती, आणि गवसणीतून गाढव निघाले.

"सात उरले तर गज आय," शास्त्रीबोवा म्हणाले. "रुंदी त्रेपन्न केली की सात उरतात. राजयोग्य आहे."

जीनगर खाली, पायरीपाशी उभा होता. तो म्हणाला, "टप अठ्ठावन्न आहे, महाराज. गाढव असलं तरी तेवढंच आहे."

मी तेव्हा तरुण होतो आणि मला गुणाकार येत होता. मी सुचवले की एकसष्ट केली तरी सातच उरतात. गवसणी थोडी सैल होईल, पण चढेल तरी. कारभाऱ्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू हत्ती दोन प्रकारचे असतात, कापडात बसणारे आणि न बसणारे, हे मला आजवर कळले नसावे. कोठीतली सकलाद दुमडी धरून त्रेपन्न अंगुळेच भरत होती, आणि सरदारांच्या गाडीला जोड देणे म्हणजे ठिगळ लावणे. आधी सकलाद मोजली आणि आय मागाहून निघाला, असा माझा तेव्हा संशय होता. आता संशय राहिलेला नाही.

"त्रेपन्न," सरदार म्हणाले.

"त्रेपन्नच, सरकार," कारभारी म्हणाले. मग जीनगराकडे वळून, "ऐकलंस ना? दसऱ्याला ती चढलेली दिसली पाहिजे. नाहीतर पागोट्याला शिंपी आहे."

जीनगराने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे सदरेवर कोणी पाहिले नाही, कारण तोवर सगळे विड्याकडे वळले होते.

त्याने गवसणी त्रेपन्न अंगुळांची शिवली. मी इतके चांगले शिवलेले चुकीचे काम पुन्हा पाहिले नाही. प्रत्येक टाका शेजारच्या टाक्याएवढा. कडेने घुंड्या आणि फासे, काठ असा वळवलेला की जर उन्हात डोळ्यांवर येऊ नये. दसऱ्याला चार दिवस उरले असताना, भर दुपारी, तो ती घेऊन आला. दुपारची वेळ त्यानेच मागून घेतली होती. उन्हाने कातडे मऊ पडते.

चढवायची रीत त्याने मला समजावली. "आधी पाठीमागची मधली घुंडी. मग तिथून दोन्हीकडे सारखं सरकायचं. कडेपासून सुरुवात केली की गवसणी एका अंगाला पळते." त्याने मधली घुंडी लावली. डावीकडच्या तीन लावल्या, उजवीकडच्या तीन लावल्या. मग दोन्ही टोकांना टपाच्या कांबी उघड्या राहिल्या, दोन-अडीच बोटे या अंगाला, दोन-अडीच त्या अंगाला. आखूड अंगरखा घातलेल्या माणसाचे पोट दिसावे तशा.

कारभारी समोर उभे होते. त्यांनी मान एका बाजूला कलवून पाहिले, मग दुसऱ्या बाजूला.

"टप मोठा आहे," ते म्हणाले.

"टप होता तेवढाच आहे," जीनगर म्हणाला.

"गवसणी हुकुमाप्रमाणे आहे ना?"

"हुकुमाप्रमाणे आहे."

"मग चूक टपात आहे. दाबा."

पागेतले चार मोतद्दार, म्हणजे घोड्यांचे चाकर, बोलावले गेले. कातड्याला हात लागू नये म्हणून त्यांच्या हातांत घोंगडीचे तुकडे दिले. चौघांनी दोन बाजूंनी टप दाबला. एक कांब कण्हली, गाडी थोडी पुढे सरकली आणि शास्त्रीबोवा, जे मुहूर्त पाहायला आले होते, चार पावले मागे सरकले. टप पाच अंगुळांनी लहान झाला नाही. लोखंडाला वाड्याची शिस्त ठाऊक नव्हती.

"परवा पुन्हा पाहू," कारभारी म्हणाले. "तोवर काय ते कर. आणि जीनगर, मनापासून कर. मनापासून केलं की होतं."

ते गेल्यावर जीनगर गाडीच्या पायरीवर बसला. मी त्याला पाणी दिले. तो ते प्यायला नाही, हातात धरून बसला.

"सत्तेचाळीस वर्षं," तो म्हणाला. "आणि परत यायचं तर हे यायचं. मी सांगितलेलं माप असतं तर मी स्वतः घेऊन गेलो असतो परत. आता कोणाला सांगू, माप माझं नव्हतं म्हणून? दारोदार पोथी घेऊन फिरू?"

मी म्हणालो, मी साक्ष देईन. तो माझ्याकडे बघून हसला. कारकुनाच्या साक्षीची किंमत त्याला माझ्याआधी कळलेली होती.

थोड्या वेळाने त्याने पाणी एका दमात संपवले आणि विचारले, "उद्या दुपारी जेवायला जाता तेव्हा गाडीखान्याची किल्ली कुठं विसरता?"

"मी किल्ली विसरत नाही."

"भूक लागलेली असते. माणूस विसरतो."

दुसऱ्या दिवशी मी विसरलो. कोनाड्यात, उजव्या हाताला. जेवून परत आलो तेव्हा किल्ली जिथल्या तिथे होती. आत गाडीवर गवसणी चढलेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सुरकुती नाही, एक घुंडी ताणलेली नाही. जीनगर पायरीवर बसून पान खात होता. कोपऱ्यात गोणपाटात बांधलेला एक मोठा बोजा होता.

मी गवसणीवर हात ठेवला. आत कसलीशी खसखस झाली.

"हे काय आहे?"

"टप लहान केला," तो म्हणाला.

"किती?"

"सगळा."

टप चार खिळ्यांवर बसवलेला होता. ते त्याने काढले आणि टप कांबींसकट उतरवून गोणपाटात बांधला. त्याच्या जागी बुरुडाकडून आणलेल्या कामट्यांचा सांगाडा बसवला, त्रेपन्न अंगुळे रुंद, एकोणीस खोल, आणि त्यात भाताचा पेंढा ठासून भरला. पाडलेल्या टपाला येतात तशा तीन वळ्यासुद्धा त्याने पेंढ्यातून उठवल्या होत्या. मी आयुष्यात पुष्कळ सोंगे पाहिली, दरबारात तर रोज पाहिली, पण त्यांतल्या एकाचीही पाठ इतकी बिनचूक नव्हती.

"कोणी उघडून पाहिलं तर?" मी विचारले.

"कशाला पाहील? उघडायचा नाही, असा शास्त्रीबोवांचा निर्णय आहे ना?"

परवाची पाहणी झाली. कारभाऱ्यांनी गवसणीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "बघ. मी म्हणालो नव्हतो?" सरदार स्वतः आले. त्यांनी दोन बोटांनी गवसणी थोपटली आणि चेहऱ्यावर समाधान आणले. शास्त्रीबोवांनी अक्षता टाकल्या आणि म्हणाले की गज आयाचा प्रभाव डोळ्यांना दिसतो आहे. दोन दिवसांपूर्वी दिसत नव्हता, याचे कारण त्यांना कोणी विचारले नाही.

दसऱ्याला स्वारी निघाली. पुढे निशाण, मग घोडेस्वार, मग आमची गाडी. गाडीला दोन घोडे होते आणि घोड्यांना गाडी नवी होती, म्हणून प्रत्येकाच्या तोंडाशी दोन मोतद्दार चालत होते. त्यामुळे स्वारीचा वेग एखाद्या आजाऱ्याला फिरवून आणावे इतका होता. मागच्या बैठकीवर सरदार, समोरच्या बैठकीवर शास्त्रीबोवा. एका अंगाला अब्दागीर धरलेला हुजऱ्या, दुसऱ्या अंगाला कारभारी चालत. कारागीर मागून येतात या रिवाजाने जीनगर गाडीच्या मागेच होता, मी त्याच्या शेजारी. गाडी चालली की गवसणीच्या आत हलकीच खसखस होई. वाद्यांमुळे ती आम्हा दोघांनाच ऐकू येत होती.

लोक गच्च्यांवर आणि ओट्यांवर उभे होते. बुधवारातल्या एका ओट्यावरून एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, "गाडी इंग्रजाची आहे."

"आणि मागं लाल काय बांधलंय?"

"अंथरूण असेल. परतायला उशीर होतो."

आम्ही गावाबाहेर पडलो आणि आभाळ भरून आले. दसऱ्याला पाऊस पडू नये असे सर्वांचे मत असते, पावसाचे सोडून. आधी मोठे मोठे थेंब आले, मग सरळ धार लागली. मागून येणाऱ्या दुसऱ्या एका सरदारांच्या पालखीला वरून पांघरूण होते. भोयांनी ते खाली सोडले आणि ते सरदार आत कोरडे बसले. आमच्या सरदारांनी ते पाहिले. अब्दागीर उन्हासाठी असते, उभी, पंख्यासारखी. हुजऱ्याने ती आडवी धरून पाहिली, तेव्हा तिच्यावरचे पाणी ओळीने सरदारांच्या मांडीवर आले.

"टप उभारा," सरदार म्हणाले.

"टप उभारा," कारभारी म्हणाले. चोपदाराने तेच मोठ्याने म्हटले. हुकूम तीन तोंडांतून गाडीच्या मागे आला आणि जीनगरापाशी थांबला.

तो गवसणीच्या मधल्या घुंडीवर हात ठेवून उभा राहिला. त्याचा चेहरा मी त्या आधी आणि नंतर तसा पाहिला नाही. गवसणी निघाली असती तर भर रस्त्यात, सगळ्या सरदारांसमोर, आमच्या सरदारांच्या पाठीमागून पेंढा निघाला असता. आणि त्या पेंढ्याबरोबर त्याची सत्तेचाळीस वर्षे, बापाची खोगिरे आणि ते बेताच्या कापडाचे पागोटे. माझी नोकरीही निघाली असती. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी मला तिची आठवण झाली नाही.

मी पुढे गेलो आणि शास्त्रीबोवांना हात जोडले. "एक शंका आहे," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "टप उभारला तर यजमान गोचर्माखाली येतात. सीमोल्लंघनाच्या वेळी ते चालेल का? निर्णय आपणच दिला आहे म्हणून विचारतो."

शास्त्रीबोवा नखशिखांत भिजले होते. टप फक्त मागच्या बैठकीवर येतो. उभारला असता तरी शास्त्रीबोवांवर त्याची सावलीही आली नसती. त्यामुळे निर्णय देताना त्यांना फारसा वेळ लागला नाही.

"चालणार नाही," ते म्हणाले. "वर्षभराचे पुण्य जाईल."

सरदारांनी शास्त्रीबोवांकडे पाहिले, मग मागच्या पालखीकडे. पालखीचे पांघरूण एका बाजूने दोन बोटे वर झाले होते आणि आतून कोणीतरी पाहत होते. सरदार ताठ बसले.

"राहू दे," ते म्हणाले.

"राहू दे," कारभारी म्हणाले.

आम्ही तसेच सीमेपर्यंत गेलो आणि तसेच परत आलो. पेंढ्यात पाणी शिरून तो फुगला, गवसणी टम्म झाली आणि कडेच्या दोन घुंड्या वाटेत तुटून पडल्या. जीनगर सगळा रस्ताभर मधल्या घुंडीवर तळवा दाबून चालत होता. सकलादीचा रंग सुटला होता, त्यामुळे वाड्यावर पोचेपर्यंत त्याचा हात मनगटापर्यंत लाल झाला होता. लोकांना वाटले, कारागीर पूजेच्या कुंकवाने माखला आहे.

पागोटे त्यालाच मिळाले. देताना सरदार दोनदा शिंकले. जीनगराने पागोटे घेतले, लवून मुजरा केला आणि माझ्याकडे पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी ते बांधून तो पेठांतून फिरला. फिरताना मला एका गल्लीत भेटला, तेव्हा एवढेच म्हणाला, "परत नाही आलं."

सरदारांना पडसे झाले ते दिवाळीपर्यंत राहिले. त्या पडशाने त्यांचे नाव झाले. धारेखाली बसले, पण गोचर्माखाली बसले नाहीत, हे शास्त्रीबोवा प्रत्येक घरी सांगत, आणि प्रत्येक घरी पाऊस थोडा वाढत असे. कार्तिकापर्यंत गारा पडू लागल्या होत्या. एका गृहस्थांनी त्यावर श्लोक रचले. गाडी पुन्हा बाहेर निघाली नाही, कारण इतक्या पवित्र गाडीत रोज बसणे योग्य नव्हे असे ठरले. गाडीखान्यात ती गवसणीसकट उभी राही. पेंढा मी आणि जीनगराने तिसऱ्या दिवशी बदलला, नाहीतर त्याला कोंब आले असते आणि शास्त्रीबोवांना पुन्हा पोथ्या पाहाव्या लागल्या असत्या. जुना पेंढा पागेतल्या घोड्यांनी खाल्ला नाही.

राहिला टप. कांबी जीनगराने लोहाराला दिल्या. कातडे मऊ होते आणि त्यातून थेंब झिरपत नसे; मोटेच्या खाली पाणी ओतायला लांब नळी असते, जिला सोंड म्हणतात, तिच्यासाठी असे कातडे सहसा मिळत नाही. त्याने ते शेजारच्या चांभाराला दिले. चांभाराने त्याची सोंड केली आणि ती येरवड्याच्या बाजूच्या एका मळ्यात गेली, जिथली जुनी सोंड त्याच पावसाळ्यात फाटली होती.

त्या हिवाळ्यात शास्त्रीबोवांनी वाड्यातल्या सर्व कारकुनांना आपल्या मळ्यातली वांगी पाठवली. मी ती खाल्ली. चांगली होती.